पेढीवरची अदृश्य तार

जवळा बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील या गावी आसपासच्या खेड्यांतून सोयाबीन, हळद, तूर, हरभरा असा माल येतो. तो काट्यावर चढतो, हिशोबपट्टी तयार होते आणि शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडते. या व्यवहारात आडत्या, मापाडी, हमाल आणि मुनीम यांची कामे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहेत. गेल्या काही वर्षांत या मंडळींत एक नवा, काहीसा लहरी कारकून सामील झाला आहे. तो दिसत नाही आणि बोलत नाही. पण तो रुसला की पेढीचे सारे काम अडते. हा कारकून म्हणजे बिनतारी इंटरनेट, ज्याला घरोघरी वाय-फाय म्हणतात.

अशा गावातील एका पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. रस्त्याच्या बाजूस दुकान, त्यामागे गोदाम आणि माडीवर बिऱ्हाड. इंटरनेटची जोडणी घरात आली ती मुलांच्या अभ्यासासाठी, म्हणून राउटर माडीवरच्या लोखंडी कपाटावर विराजमान झाला. पुढे हिशोबाचे काम संगणकावर गेले आणि गादीशेजारी एक टेबल आले. त्या संगणकाला वाय-फायची सोय नव्हती, म्हणून अंगठ्याच्या पेराएवढे एक उपकरण, म्हणजे डोंगल, त्याच्या पाठीमागे खोचण्यात आले. काही महिने सर्व सुरळीत चालले. दिवाळीनंतर मात्र जोडणी तुटू लागली. कधी दोन मिनिटे, कधी अर्धा तास. चिन्ह पूर्ण दिसे, पण पान उघडत नसे. आणि पान उघडले, तर रकाने भरून होईपर्यंत पुन्हा बंद पडे.

घरात प्रत्येकाचे निदान वेगळे होते. मुलगा म्हणे, कंपनी बदलावी. नांदेडला शिकणारा नातू म्हणे, संगणकच जुना झाला, नवा घ्यावा. आजोबांना शेजारच्या घरी नव्याने बसलेल्या राउटरचा संशय. हिशोबाची सर्व जबाबदारी सांभाळणारी सून मात्र काहीच म्हणत नसे. कारण अडचण तिच्या एकटीच्या वाट्याला येत होती आणि महिन्याची २० तारीख जवळ येत होती.

पत राखण्याचा प्रश्न

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. तेव्हापासून व्यापाऱ्याची वही केवळ त्याच्या कपाटात राहिली नाही. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या विक्रीचा तपशील पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा करणारे विवरण २० तारखेपर्यंत द्यावे लागते. उशीर झाला तर विलंबशुल्क लागते आणि थकलेल्या करावर व्याजही लागते. परंतु पैशाहून मोठी हानी वेगळीच आहे. विक्रेत्याने ११ तारखेपर्यंत बिले चढवली, तरच ती १४ तारखेला तयार होणाऱ्या खरेदीदाराच्या उताऱ्यात दिसतात आणि त्याला त्या महिन्यात कराची वजावट मिळते. बिल दिसले नाही, तर खरेदीदाराचा दूरध्वनी येतो: “शेठ, तुमचे बिल दिसत नाही.” वडिलोपार्जित पेढीला हे एक वाक्य दंडाच्या रकमेहून अधिक लागते. हुंडीच्या काळात वेळेवर सकारणे ही पत होती. आज वेळेवर बिल चढवणे ही पत आहे.

म्हणूनच तुटणारे वाय-फाय हा केवळ गैरसोयीचा विषय नाही. आणि म्हणूनच घाईघाईने कंपनी बदलणे किंवा नवा संगणक घेणे हा त्यावरचा उपाय नाही. आधी दोष कोठे आहे हे कळले पाहिजे.

ताळा जुळवण्याची जुनी रीत

या पेढीत मार्ग सुचला तो आजोबांना, आणि तोही संगणकाचे काहीही ज्ञान नसताना. सुनेची तगमग पाहून त्यांनी विचारले, “सूनबाई, वर्षाचा ताळा जुळला नाही तर तू काय करतेस?” ती म्हणाली, “आधी सहा-सहा महिने वेगळे करून बघते, बाबा. ज्या सहामाहीत फरक, तिचे पुन्हा दोन भाग.” आजोबा म्हणाले, “मग इथेही तेच कर. आणि आधी लिहायला घे. लिहिल्याशिवाय चूक सापडत नाही.”

वरवर साध्या दिसणाऱ्या या दोन वाक्यांत बिघाड शोधण्याचे सारे शास्त्र आहे. पहिली गोष्ट नोंदीची. एका वहीत तारीख, वेळ, जोडणी किती मिनिटे बंद होती, त्या वेळी काय चालू होते आणि वीज होती की नाही, हे आठ दिवस लिहावे. ‘नेट नेहमीच जाते’ या तक्रारीतून काही निष्पन्न होत नाही. ‘दुकान बंद करण्याच्या वेळी जाते’ या नोंदीतून होते.

दुसरी गोष्ट अर्धे करण्याची. संगणकापासून बाहेरच्या जगापर्यंतचा रस्ता दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा संगणक ते घरातील राउटर. दुसरा राउटर ते कंपनीचे केंद्र आणि त्यापुढचे जग. वाय-फाय हे फक्त पहिल्या टप्प्याचे नाव आहे. लोक दोन्हींना ‘नेट’ म्हणतात आणि तेथूनच गोंधळ सुरू होतो.

हे दोन टप्पे वेगळे तपासण्याची सोय प्रत्येक संगणकात आहे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाचा काळा पट उघडावा. त्यात ‘पिंग’ हा शब्द, एक जागा सोडून राउटरचा पत्ता आणि शेवटी वजा चिन्हासह ‘टी’ हे अक्षर इंग्रजी कळांनी टंकावे. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नक्की कोणता, ते त्याच पटात ‘आयपीकॉन्फिग’ असे टंकले की ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीत दिसते. आता संगणक दर सेकंदाला राउटरला हाक देतो आणि किती मिलिसेकंदांत ओ मिळाली ते लिहीत जातो. दुसरा पट उघडून अशीच हाक बाहेरच्या जगाला द्यावी. त्यासाठी गुगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक पत्ता सोयीचा आहे. दोन्ही पट शेजारी ठेवून कामाला लागावे.

जोडणी तुटेल तेव्हा उत्तर समोर असते. राउटरकडून ओ येत आहे, पण बाहेरून येत नाही, तर घरातील वाय-फाय निर्दोष आहे आणि दोष कंपनीच्या बाजूस आहे. राउटरकडूनच ओ थांबली, तर कंपनीला दूषण देण्यात अर्थ नाही. दोष घरात आहे. राउटरची ओ एरवी दोन-तीन मिलिसेकंदांत येत असताना मध्येच शेकड्यांवर जाऊ लागली, तर हवेत गर्दी किंवा अडथळा आहे असे समजावे.

या पेढीत आठ दिवसांच्या नोंदीअंती निकाल स्पष्ट झाला. बहुतेक वेळा राउटरचीच ओ थांबत होती. कंपनी बदलली असती, तर नव्या कंपनीचे नेटही तसेच तुटले असते.

दुसरा साक्षीदार

दोष घरात आहे हे कळले. पण घरात कोठे? येथे दुसरा साक्षीदार लागतो. संगणकाच्या अगदी शेजारी, त्याच टेबलावर, भ्रमणध्वनी ठेवून त्याचा सिमकार्डाचा डेटा बंद करावा आणि तो वाय-फायवर चालतो का ते पाहावे. दोन्ही एकाच वेळी बंद पडले, तर जागेचा, भिंतींचा किंवा राउटरचा दोष. फोन चालला आणि संगणक अडला, तर दोष संगणकाचा.

हीच युक्ती विज्ञानाच्या सर्वांत नाजूक उपकरणांतही वापरली जाते, आणि त्यांपैकी एक उपकरण जवळा बाजारच्या परिसरातच उभे राहणार आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमधून लेसर किरण फिरतील आणि प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी सूक्ष्म असा फरक मोजला जाईल. गुरुत्वीय लहरी आणि वाय-फायच्या लहरी सर्वस्वी भिन्न आहेत. पण अडचण एकच आहे: खरा संदेश कोणता आणि शेजारचा गोंगाट कोणता? अमेरिकेत अशा दोन वेधशाळा परस्परांपासून सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली, तेव्हा ती दोन्ही ठिकाणी सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने नोंदली गेली. एकाच ठिकाणी दिसलेली थरथर जवळून गेलेल्या ट्रकचीही असू शकते. दोन्हीकडे दिसली तरच ती ग्राह्य धरावी. एकाच साक्षीवर निवाडा करू नये, हा नियम वेधशाळेला लागू आहे तसाच पेढीच्या टेबलालाही.

सुनेने केलेल्या चाचणीत दोन निरनिराळ्या गोष्टी आढळल्या. दिवसभर फोन आणि संगणक दोन्ही मंद होते. पण दुकान बंद करण्याच्या वेळी फोन मंदगतीने का होईना चालू राही आणि संगणक मात्र पूर्ण तुटे. याचा अर्थ दोष एक नव्हता.

लहरींचा स्वभाव

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात दाखवून दिले की विद्युतचुंबकीय लहरी भिंतींतून पार जाऊन दूरची घंटा वाजवू शकतात. वाय-फाय हे त्याच कुळातील. पण लहर भिंत ओलांडते म्हणजे ती तशीच्या तशी पलीकडे पोचते असे नव्हे. प्रत्येक अडथळा आपली अडत कापून घेतो.

घरातील वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे साडेपाच ते सहा. पहिली लहर भिंतीतून तुलनेने चांगली जाते, पण तिच्या पट्ट्यात गर्दी फार. दुसरी वेगवान आहे, तिच्या वाटेवर गर्दी कमी. पण दोन जाड भिंतींनंतर ती थकते. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यामुळे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माऊस, बिनतारी कॅमेरे आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी ही सर्व एकाच अरुंद गल्लीत दाटीने वावरतात.

लहरींचे मोठे शत्रू दोन: धातू आणि पाणी. लोखंडी कपाट, पत्र्याचे शटर, सळईचा स्लॅब यांवरून लहर परतते. पाणी तिला शोषून घेते. आणि हे पाणी केवळ टाकीत नसते. धान्यात आणि हळदीतही ओलावा असतो. पोत्यांची छतापर्यंत लागलेली थप्पी म्हणजे लहरींच्या दृष्टीने एक ओलसर भिंतच होय. गोदाम रिकामे असताना उत्तम चाललेली जोडणी नवा सोयाबीन भरल्यावर मंद व्हावी, याचे नवल वाटू नये. ‘दिवाळीनंतर’ या शब्दात अर्धे उत्तर दडलेले होते. कोणी त्याकडे लक्ष दिले नव्हते.

यावर उपाय जागेचा. राउटर कपाटावर, कोपऱ्यात किंवा दूरचित्रवाणी संचामागे ठेवू नये. तो उघड्या जागी, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर आणि वापराच्या मध्याशी असावा. भ्रमणध्वनीवर सिग्नलचे माप दाखवणारे ॲप मिळते. त्यात आकडा वजा ५० च्या आसपास असेल तर उत्तम, वजा ६७ पर्यंत कामापुरते आणि वजा ८० च्या पलीकडे गेले तर तुटण्याची तयारी समजावी. चिन्हाच्या पूर्ण रेषांवर भिस्त ठेवू नये. त्या आवाज किती मोठा आहे ते सांगतात, गोंगाटात तो ऐकू येतो की नाही ते सांगत नाहीत.

आजोबांचा शेजाऱ्यांवरील संशयही अगदीच निराधार नव्हता. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील वाहिन्या एकमेकींवर चढलेल्या असतात. १, ६ आणि ११ या तीनच परस्परांना न छेदणाऱ्या आहेत. दोन्ही घरांचे राउटर एकाच वाहिनीवर असतील, तर दोघांनाही थांबून थांबून बोलावे लागते. राउटरच्या सेटिंगमध्ये मोकळी वाहिनी निवडली की प्रश्न सुटतो, आणि शेजारधर्मही टिकतो.

संगणकाच्या पाठीमागे

आता दुकान बंद करण्याच्या वेळचे कोडे. त्या वेळी रोज एक काम होत असे: हिशोबाची प्रत बाहेरील हार्डडिस्कवर उतरवली जाई. ती डिस्क संगणकाच्या मागे, डोंगलच्या अगदी शेजारच्या छिद्रात लागे. यूएसबी ३.० प्रकारची उपकरणे माहिती वाहताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास विद्युत गोंगाट करतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये एका तांत्रिक निबंधात हे सविस्तर दाखवले होते. डिस्क आणि डोंगल खेटून असतील, तर डोंगलच्या कानाशी कोणी ढोल वाजवावा तशी त्याची स्थिती होते. सुरक्षिततेसाठी केलेले कामच जोडणी तोडत होते.

शिवाय डोंगल पाठीमागे असल्याने त्याच्या एका बाजूस संगणकाची लोखंडी पेटी आणि दुसऱ्या बाजूस भिंत. दोन्हींवर उपाय एकच आणि काही शे रुपयांच्या आतला: मीटरभर लांबीची यूएसबी विस्तार-केबल. तिच्या टोकाला डोंगल लावून तो टेबलावर, उघड्यावर ठेवावा; डिस्क दूरच्या छिद्रात लावावी.

तिसरा दोष वहीतील एका बारीक नोंदीतून सापडला: ‘चहानंतर आल्यावर पाच मिनिटे नेट नाही.’ विंडोज वीज वाचवण्यासाठी काही काळ न वापरलेली उपकरणे झोपवते, आणि काही डोंगल झोपेतून नीट उठत नाहीत. ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्ये वाय-फाय उपकरणाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते. ती काढून टाकावी. उपकरणाचे चालक सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच अद्ययावत करावे. ‘एका क्लिकवर सर्व दुरुस्त’ असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमला हिशोबाच्या संगणकात थारा देऊ नये.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळावी: एका वेळी एकच बदल करून दोन दिवस पाहावे. सर्व उपाय एकदम केले तर रोग जातो, पण कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

दोष बाहेर असेल तर

आठ दिवसांत दोन वेळा राउटरकडूनही ओ नव्हती आणि फोनही बंद होता. त्या दोन्ही ओळींपुढे सुनेने लिहिले होते: ‘वीज नाही.’ दुकानातला संगणक इन्व्हर्टरवर चालू राही. माडीवरचा राउटर मात्र वीज जाताच बंद पडे. संगणक सुरू दिसत असल्याने कोणाच्या ध्यानात हे आले नाही. राउटर फार थोडी वीज घेतो. त्याला इन्व्हर्टरच्या वायरीवर घेणे किंवा लहान यूपीएस लावणे पुरेसे असते. फायबरच्या जोडणीत घरातील पेटीवर लाल दिवा लागला, तर प्रकाशाची तार कोठेतरी तुटली किंवा वाकली असे समजावे; ती तार स्वतः ओढू वा वाकवू नये. कंपनीकडे तक्रार करताना वहीतील वेळा वाचून दाखवाव्यात. तारीखवार नोंद असलेली तक्रार टाळणे अवघड जाते.

संध्याकाळचा मंदपणाही वेगळा ओळखावा. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले की घरातील सर्वजण एकाच वेळी मोकळे होतात. कोणी प्रवचन ऐकते, कोणी अभ्यासाचा वर्ग पाहते, आणि बिनतारी कॅमेरे तर अखंड चालू असतात. विवरण भरण्याचे काम सकाळी हाती घेतले तर अर्धी चिंता आपोआप टळते. तरीही ऐन तारखेला जोडणी गेलीच, तर फोन केबलने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. हा प्रयोग आधीच एकदा करून ठेवावा.

तार परत आली

डोंगल टेबलावर आला, झोपेची खूण निघाली, राउटर कपाटावरून उतरला. पेढीचे नेट पुष्कळ सुधारले. पण पोत्यांची भिंत तर होतीच, आणि पुढे हळदीचा हंगाम येणार होता. तेव्हा आजोबांनी आणखी एक प्रश्न केला: “हा संगणक जागेवरून हलतो का?” हलत नव्हता. “मग त्याला बिनतारी कशासाठी?”

हा प्रश्न प्रत्येक पेढीने स्वतःला विचारण्याजोगा आहे. बिनतारी सोय हिंडणाऱ्या उपकरणांसाठी आहे. एकाच जागी बसणाऱ्या संगणकाला राउटरपासून थेट लॅन-केबल देता येते. चांगल्या प्रतीची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते; जवळा बाजारातील कोणत्याही दुकान-गोदाम-बिऱ्हाडाला ती पुरून उरेल. ती विजेच्या वायरींपासून काही अंतरावर, नळीतून न्यावी, म्हणजे उंदरांपासूनही सुरक्षित राहते. गोदामात किंवा दुकानात फोनसाठीही वाय-फाय हवे असेल, तर त्याच केबलच्या टोकाला दुसरा लहान राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावता येतो.

जिन्याच्या कडेने, गोदामाच्या वरच्या तुळईला धरून ती राखाडी तार खाली आली आणि संगणकात खोचली गेली. एकेकाळी बाजारगावांना मुंबईचे भाव तारेने कळत. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, तेव्हा तारांचा काळ संपला असे वाटले होते. या पेढीत मात्र एक तार पुन्हा आली.

घरातील कोणाचेच निदान पूर्ण खोटे नव्हते आणि कोणाचेही पूर्ण खरे नव्हते. एकाच बाजूने पाहून दिलेला निर्णय अपुरा असतो, हे जैन घरात नव्याने सांगावे लागत नाही. पण वाय-फाय तुटल्यावर ते आठवतेच असे नाही. पुढच्या महिन्यात ११ तारखेच्या दोन दिवस आधीच बिले चढली. नोंदींची ती वही सुनेने टाकली नाही; रोजमेळाच्या शेजारी तिच्यासाठी जागा केली.